स्वस्त टेलिफोनचा महाग हिशेब

सरकारी कार्यालयासाठी टेलिफोन यंत्रणा घेताना आपण किंमत पाहतो, खर्च पाहत नाही. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण किंमत ही पुरवठादाराला एकदा द्यायची रक्कम असते, तर खर्च म्हणजे ती वस्तू आणल्यापासून मोडीत काढेपर्यंत आपल्या खिशातून, आणि दुसऱ्यांच्याही खिशातून, गेलेली एकूण रक्कम. पहिली एका दिवसात कळते, दुसरी कळायला दहा वर्षे लागतात. आणि दहा वर्षांनी हिशेब मागायला त्या खुर्चीत मूळ माणूस उरलेला नसतो. माझे म्हणणे इतकेच आहे, की काटकसर या नावाने आपण जे करतो, ती पुष्कळदा काटकसर नसून केवळ खर्चाची पुढे ढकल असते.

मी ज्या कोरमंगलात राहतो, तिथे हा विरोधाभास नजरेत भरतो. इथे केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी बांधलेले केंद्रीय सदन आहे आणि याच वस्तीतल्या एका सदनिकेत २००७ साली फ्लिपकार्टचा आरंभ झाला. आजही गल्लीगल्लीत नव्या कंपन्यांच्या पाट्या दिसतात. अशा कंपनीतला व्यवस्थापक फोनची यंत्रणा घेताना विचारतो, की एका टेबलामागे दरमहा किती पडेल? आमच्याकडे विचारले जाते, की सर्वांत कमी दर कोणाचा? खासगी क्षेत्र शहाणे आणि सरकार मूर्ख, असे मला मुळीच सुचवायचे नाही. खासगी कंपन्याही भरपूर फसतात. परंतु प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरते, आणि आपला प्रश्नच चुकीचा आहे.

बंगळूरमधल्या एका कार्यालयाची हकीकत सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही, कारण अशी कार्यालये प्रत्येक शहरात सापडतील. शंभरेक एक्स्टेन्शनची ईपीएबीएक्स यंत्रणा बसवायची होती. आर्थिक वर्ष संपत आले होते, तरतूद शिल्लक होती. निविदा निघाल्या, सर्वांत कमी दराची स्वीकारली गेली, मार्चअखेरीस देयकही निघाले. पहिले वर्ष हमीचे, ते बरे गेले. दुसऱ्या वर्षी वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे आपल्या बोलण्यातली एएमसी, करायची वेळ आली. तेव्हा कळले, की त्या यंत्राला हात लावण्याचा अधिकार त्याच कंपनीच्या विक्रेत्याला आहे. तो सांगेल तो दर. फोनसंच बिघडले, तर त्याच कंपनीचे घ्यावे लागत, बाजारातला साधा संच चालत नसे. मग एका पावसाळ्यात वीज पडून यंत्रातली कार्डे जळाली. दुरुस्तीचा प्रस्ताव एकाच पुरवठादाराचा होता, म्हणून वित्त शाखेने स्पर्धात्मक दर का नाहीत असे विचारून फाईल परत पाठवली. त्यात तांत्रिक काही चुकीचे नव्हते. शाखेने आपले काम केले. फाईल आठ महिने फिरली आणि आठ महिने फोन मुके राहिले.

या आठ महिन्यांचा खर्च कोणी भरला? कार्यालयाने नाही. अधिकारी आणि कर्मचारी आपापल्या मोबाईलवरून बोलू लागले. पत्रांच्या डोक्यावर छापलेला क्रमांक मात्र तोच राहिला. येलहंक्याला राहणारा एखादा निवृत्त कर्मचारी आपल्या निवृत्तिवेतनाचे कागद कुठवर आले हे विचारण्यासाठी तो क्रमांक फिरवीत राही. चार दिवस घंटाही वाजली नाही, की पाचव्या दिवशी रिक्षा करून अख्खे शहर ओलांडून यायचे, आणि इथे आल्यावर ऐकायचे, की साहेब आज दौऱ्यावर आहेत. सिल्क बोर्डच्या चौकातली वाहनांची कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या एका खेपेची किंमत सांगायला नको. निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात या रिक्षाभाड्याचा रकाना नव्हता. पण तो खर्च झाला नाही असे कोण म्हणेल?

आता कोणी म्हणेल, की मोबाईलच्या काळात कार्यालयाला टेलिफोन हवाच कशाला? हवा, कारण कार्यालयाचा क्रमांक कार्यालयाचा असतो आणि मोबाईल माणसाचा. माणसाची बदली होते, तो निवृत्त होतो, आणि त्याच्याबरोबर तो क्रमांकही जातो. नागरिकाने संपर्क साधायचा तो पदाशी, व्यक्तीशी नव्हे. हे तत्त्व सोडले, तर ज्याच्याकडे साहेबांचा खासगी नंबर त्याचे काम होते, आणि ज्याच्याकडे नाही तो जिन्यावर उभा राहतो. फोन यंत्रणेचा प्रश्न म्हणूनच केवळ हिशेबाचा नाही.

तरीही हिशेबापासूनच सुरुवात करू. समजण्यासाठी काही आकडे कल्पू. शंभर एक्स्टेन्शनसाठी दोन निविदा आल्या आहेत. 'अ'चा दर ६,००,००० रुपये, 'ब'चा ८,००,००० रुपये. आपल्या रूढ पद्धतीने 'अ' जिंकला. दोन लाख वाचवल्याची टिपणीही लिहून झाली. आता पुढची वर्षे पाहा. 'अ'ची हमी एक वर्षाची. त्यानंतर देखभालीला दरवर्षी ७२,००० रुपये, म्हणजे नऊ वर्षांचे ६,४८,००० रुपये. शिवाय प्रत्येक एक्स्टेन्शनमागे वर्षाला ६०० रुपये परवाना शुल्क, पहिले वर्ष मोफत. नऊ वर्षांचे ५,४०,००० रुपये. दरवर्षी चार फोनसंच बदलावे लागले, आणि ते त्याच कंपनीचे ५,००० रुपयांचे, तर दहा वर्षांचे २,००,००० रुपये. 'ब'ची हमी तीन वर्षांची, पुढे देखभालीला दरवर्षी ५६,०००. सात वर्षांचे ३,९२,००० रुपये. परवाना शुल्क नाही. संच कोणत्याही कंपनीचा चालतो, १,५०० रुपयांचा. दहा वर्षांचे ६०,००० रुपये. बॅटऱ्यांचा खर्च दोघांचा सारखाच, १,२०,००० रुपये.

बेरीज करा. 'अ'चा दहा वर्षांचा खर्च २१,०८,००० रुपये, 'ब'चा १३,७२,००० रुपये. दोन लाख वाचवण्यासाठी आपण सात लाख छत्तीस हजार गमावले. अर्थशास्त्राचे वाचक म्हणतील, की उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. मान्य. सात टक्के दराने वर्तमान मूल्य काढले तरी 'अ' चार लाखांहून अधिक महाग ठरतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी आपल्याकडे म्हण आहे. सरकारी खरेदीत आपण कोंबडीच्या निविदा मागवतो, मसाल्याच्या मागवतच नाही.

आणि या कोष्टकातही सगळा मसाला आलेला नाही. भिंतीतले आणि मजल्यांमधले वायरिंग, चांगले अर्थिंग, विजेच्या झटक्यापासून संरक्षण, वीज गेल्यावर चालणारा यूपीएस हे खर्च बहुधा बांधकामाच्या खात्यात दडतात. ऑपरेटरचे पद निवृत्तीनंतर भरले जात नाही, मग फोन उचलणार कोण? यंत्राचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवला, तर बाहेरचा भामटा आत शिरून कार्यालयाच्या खर्चाने परदेशात फोन करू शकतो. या प्रकारची फसवणूक जगभर होते आणि देयक मात्र यंत्राच्या मालकालाच येते. शेवटी यंत्र मोडीत काढायचे, तर ई-कचऱ्याचे नियम आहेत. १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे सुधारित नियम लागू आहेत. भंगारवाल्याला बोलावून काम संपत नाही.

मग इतकी साधी बेरीज कोणी का करत नाही? अधिकारी अडाणी असतात म्हणून नव्हे. खरेदी करणारा, वापरणारा, दुरुस्तीच्या मागे धावणारा आणि पैसे देणारा ही चार वेगवेगळी माणसे आहेत म्हणून. खरेदीचा खर्च एका लेखाशीर्षात, देखभालीचा दुसऱ्यात, फोनची देयके तिसऱ्यात. तिन्ही एका कागदावर आणण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याची तीन-चार वर्षांत बदली होते. दोन लाख वाचवल्याचे श्रेय त्याच्या काळात पडते आणि सात लाखांचा भुर्दंड त्याच्या उत्तराधिकाऱ्यांच्या काळात. ज्या व्यवस्थेत लाभ आज एकाला आणि भार उद्या दुसऱ्याला मिळतो, तिथे लोक आजचाच विचार करणार. हा स्वभावदोष नाही, हा रचनेचा दोष आहे.

अर्थशास्त्रात या रोगाचे निदान जुनेच आहे. २००९ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्या ऑलिव्हर विल्यमसन यांनी दाखवले, की करार होण्यापूर्वी खरेदीदारासमोर दहा पुरवठादार असतात. पण एकदा विशिष्ट यंत्रात पैसे गुंतले, की तो एकाच पुरवठादाराच्या हाती सापडतो. स्पर्धेचे रूपांतर मक्तेदारीत होते. निविदेच्या दिवशी आपण राजे असतो आणि दुसऱ्या वर्षी याचक. चतुर पुरवठादार हे जाणतो. म्हणून तो पहिल्या दिवशी तोटा सोसूनही कमी दर भरतो. केवळ पहिल्या दिवसाच्या दरावर निकाल देणारी पद्धत या चातुर्याला बक्षीस देते आणि प्रामाणिकपणे पूर्ण खर्च सांगणाऱ्याला शिक्षा करते.

पुरवठादार कायम राहीलच, याचीही शाश्वती नसते. कॅनडाची नॉर्टेल ही या धंद्यातली बलाढ्य कंपनी जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा कार्यालयीन यंत्रणांचा विभाग अवायाने त्याच वर्षी घेतला. ती अवाया २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. सीमेन्सचा हा व्यवसाय २०१३ मध्ये युनिफाय झाला, २०१६ मध्ये अटोसकडे गेला, २०२३ मध्ये मायटेलकडे. आणि मायटेलने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पेटीवरचे नाव तेच, मालक मात्र चौथा. ही नावे मी कोणाला दोष देण्यासाठी घेत नाही. दहा वर्षांच्या यंत्रासाठी सुटे भाग दहा वर्षे मिळतील याची तजवीज खरेदीच्या वेळीच करावी लागते, एवढेच दाखवायचे आहे.

किंमत आणि खर्च यांतला हा फरक बंगळूरला नवा नाही. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना १९४८ साली याच शहरात उभा राहिला. १९६४ साली त्याने बेल्जियमच्या बेल टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीशी पेंटाकोन्टा या क्रॉसबार एक्स्चेंजसाठी करार केला. ते तंत्र जिथले होते, तिथे फोन पुष्कळ आणि प्रत्येक फोनवर बोलणे बेताचे. आपल्याकडे फोन मोजके आणि एकेका फोनवर सारी गल्ली किंवा सारे कार्यालय बोलणारे. दर लाईनमागे इतकी वर्दळ त्या यंत्राने पाहिलीच नव्हती. आपल्या मोठ्या शहरांत ती एक्स्चेंज गर्दीने गुदमरू लागली, आणि आपल्याच अभियंत्यांना नंतर भारतीय परिस्थितीला मानवेल असा क्रॉसबार नव्याने घडवावा लागला. करारातल्या किमतीत हा खर्च कुठे होता?

उलट उदाहरणही जवळचेच आहे. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी १२८ पोर्टचे छोटे एक्स्चेंज तयार केले आणि १९८६ साली त्याची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला झाली. त्या यंत्राचा मोठा गुण हा, की त्याला वातानुकूलन लागत नसे. धूळ, उष्णता आणि विजेचा लपंडाव गृहीत धरून त्याची आखणी झाली होती. एअरकंडिशनर, त्याची वीज, त्याचा जनरेटर आणि त्याचा मेकॅनिक हे चारही खर्च कागदावरच्या आराखड्यातच कापले गेले. खर्चाचा विचार खरेदीच्या आधी करणे म्हणजे काय, हे या यंत्राने दाखवले.

माझ्या या म्हणण्यावर सहकारी एक आक्षेप हमखास घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, सर्वांत कमी दराचा नियम हेच भ्रष्टाचाराविरुद्धचे आमचे चिलखत आहे. गुणवत्ता, दर्जा, दीर्घकालीन हित असे शब्द आत घेतले, की मर्जीतल्या पुरवठादाराला दार उघडते. आणि उद्या लेखापरीक्षकाचा आक्षेप आला, तर उत्तर कोण देणार? ही भीती खरी आहे. प्रामाणिक अधिकारीही तिने ग्रासलेले असतात.

परंतु मी सर्वांत कमी दराचा नियम मोडायला सांगतच नाही. मी विचारतो, सर्वांत कमी, पण काय? दहा वर्षांचा खर्च हाही आकडाच आहे. तो पुरवठादाराने स्वतः लेखी भरून द्यायचा, त्यावर सही करायची आणि तो करारात बांधून घ्यायचा. ज्याची दहा वर्षांची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. यात मर्जीला जागा कुठे आहे? उलट आजच्या पद्धतीतच ती जास्त आहे, कारण दुसऱ्या वर्षापासूनचे सगळे दर बंद खोलीत, एकाच माणसाशी वाटाघाटी करून ठरतात.

हे आपल्या देशात अशक्य आहे असेही कोणी म्हणू नये. आपल्या वीज कंपन्या ट्रान्सफॉर्मरच्या निविदा उघडतात, तेव्हा नुसती किंमत पाहत नाहीत. त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वर्षानुवर्षे किती वीज वाया जाईल, त्याचे रुपयांत मूल्य काढून ते किमतीत मिळवतात आणि मग तुलना करतात. स्वस्त पण वीज खाणारा ट्रान्सफॉर्मर तिथे हरतो. लेखापरीक्षक त्याला हरकत घेत नाहीत, कारण सूत्र निविदेत आधीच छापलेले असते. ट्रान्सफॉर्मरची चाचणी करणारी केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्था, म्हणजे सीपीआरआय, याच बंगळूरमध्ये आहे. विजेच्या अभियंत्यांना जे जमते, ते टेलिफोनच्या फाईलवर सही करणाऱ्यांना का जमू नये? युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशातही आयुर्मान-खर्चाचे स्वतंत्र कलम आहे. आणि आपल्या वित्त मंत्रालयाची वस्तू-खरेदीची नियमपुस्तिकाही पैशाचे खरे मोल मोजताना वस्तूच्या संपूर्ण आयुष्यातला खर्च पाहावा, असेच सांगते. म्हणजे नियम आड येत नाहीत. आड येते ती सवय.

मग करायचे काय? माझ्या मते पुढील पाच गोष्टी कोणत्याही कार्यालयप्रमुखाला आपल्या अधिकारात करता येतील.

१. निविदेसोबत दहा वर्षांचे खर्चपत्रक जोडावे. यंत्र, वायरिंग, परवाने, देखभाल, फोनसंच, बॅटऱ्या, प्रशिक्षण आणि शेवटी जुने यंत्र परत घेण्याची रक्कम असे प्रत्येक रकान्यात दर मागावेत आणि एकूण बेरजेवर निर्णय घ्यावा.

२. देखभालीचे दर आणि त्यांतली वार्षिक वाढ खरेदीच्याच करारात ठरवून घ्यावी. ज्या दिवशी स्पर्धा जिवंत आहे, त्याच दिवशी सौदा करावा.

३. कोणत्याही कंपनीचा प्रमाणित फोनसंच चालेल अशीच यंत्रणा घ्यावी, आणि यंत्राचे पासवर्ड व जोडणीचे नकाशे कार्यालयाच्या ताब्यात असावेत.

४. यंत्राऐवजी दरमहा भाड्याची क्लाऊड सेवा घ्यायची असली, तरी तोच नियम लावावा. महिन्याचा छोटा आकडा १२० ने गुणावा. सेवा सोडताना आपला क्रमांक आपल्याकडे राहील का, हे लेखी विचारावे.

५. बंद फोनचेही मूल्य करारात लिहावे. किती तासांत दुरुस्ती, उशीर झाला तर किती दंड, आणि तोवर पर्यायी व्यवस्था काय, हे सगळे आकड्यांत असावे.

यात पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण नागरिकाचा वेळ आपल्या हिशेबात येतो तो फक्त तिच्यातून. सरकारचा पैसा वाचावा म्हणून आपण तासन्‌तास फाईली लिहितो, आणि ज्याच्यासाठी सरकार आहे, त्याचा पैसा आणि वेळ फुकट समजतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते, की फुकट असे काही नसते. फक्त देणारा निराळा असतो.

घराबाहेर, परप्रांतात किंवा परदेशात राहणाऱ्या माझ्या मराठी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. गावाकडच्या जमिनीचा उतारा, आईवडिलांचे निवृत्तिवेतन, एखादा दाखला यांसाठी आपण शेकडो मैलांवरून कार्यालयांचे क्रमांक फिरवतो. तिकडे कोणी उचलले, तर पाच मिनिटांत काम होते. नाही उचलले, तर रजा, तिकीट आणि दोन दिवसांचा प्रवास. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या कार्यालयाचा फोन नुसताच वाजत राहिला, तर तिथल्या कारकुनाला बोल लावण्यापूर्वी माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज जरूर करावा: आपल्या टेलिफोन यंत्रणेवर खरेदीपासून आजवर एकूण किती खर्च झाला आणि ती किती दिवस बंद होती? ही बेरीज द्यावी लागली, तर पुढच्या खरेदीच्या वेळी ती आधीच करावी असे कोणाला तरी वाटेल. आजवर तिचा आग्रह कार्यालयाबाहेरच्या कोणी धरला नाही, म्हणून ती आतही कोणी केली नाही.